अर्थिंगची खूण

ऑफिसनं रिक्षा दिली, भोंगा दिला, एक पेनड्राइव्ह दिला.
पेनड्राइव्हमधली बाई गोड आवाजात सांगायची:
ओल्या हातानं बटण दाबू नका,
पंखा स्टारवाला घ्या,
अडचण आल्यास फोन करा.
विडी घरकुलात मी तिला तीन दिवस फिरवलं,
एप्रिलच्या उन्हात, त्रेचाळीस डिग्रीत.
कुत्र्यांनासुद्धा पाठ झालं.

चौथ्या दिवशी नरसूबाई चिप्पा रिक्षापुढं उभी राहिली.
भोंग्याकडं बोट, मग स्वतःच्या कानाकडं,
मग हात असा झटकला
जसं सुपातलं फोलकट उडवतात.
दुसऱ्या हातात बिल. दोन हजार तीनशे दहा.
घर एका खोलीचं.

पोरगी सातवीत. मी म्हटलं, आईला जरा सांग की,
स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन.
पोरगी म्हणाली, काका, हे मलाच कळंना,
आणि सारखं मीच का सांगायचं?
दप्तर उचलून शिकवणीला गेली.

राहिलो आम्ही दोघं, मधे मीटर.

माझे वडील माग चालवायचे.
त्या खडखडाटात तोंडाला किंमत नसते,
कांडी संपली, धागा तुटला, चहा आला,
सगळं हातांनी.
घरी आले की मात्र आम्ही त्यांच्या कानात ओरडायचो,
ऐकू येईना म्हणून चिडायचो.
हात कुणीच वापरले नाहीत.
हे मला त्या दारात आठवलं, उगाच नाही.

नरसूबाईनं मला खाली बसवलं.
एकेक बटण बंद केलं: पंखा, टीव्ही, जुना फ्रीज.
मग मीटरच्या लाल ठिपक्याकडं बोट.
सगळं बंद, तरी ठिपका लुकलुकतोय.
तिच्याकडं वही होती, विड्यांच्या हिशेबाची,
मागच्या पानांवर रेघाच रेघा,
मिनिटाला किती वेळा, दुपारी किती, रात्री किती.
तेरा वर्षं नोकरी केली,
मी कधी त्या ठिपक्याकडं एवढं बघितलं नव्हतं.

मग मोरीकडं नेलं.
नळाला बोट लावल्यासारखं केलं
आणि खांद्यापर्यंत हात थरथरवला.
हेच तिनं शेजारणीला दाखवलं होतं दोन महिन्यांपूर्वी.
शेजारीण म्हणाली, संधिवात,
आणि बाम आणून दिला.
बामची बाटली अजून कोनाड्यात होती.

टेस्टर लावला. पेटला.
मी आधी मेन स्विच पाडला, मग माझे गुडघे कापले.
भिंतीत वायर सोललेली, ओलीला लागलेली,
आणि अर्थिंगची तार फरशी बसवणाऱ्यानं
मधे आली म्हणून कापून टाकलेली.

आता हे सांगायचं कसं?
बिल, आग, शॉक, यांना तिच्याकडं खुणा होत्या.
अर्थिंगला नव्हती.
मी जमिनीकडं बोट दाखवलं. तिला वाटलं, काहीतरी पडलंय.
वाकून शोधायला लागली.
मी तिची वही घेतली, घर काढलं, तार काढली,
तार मातीत नेली.
ती बराच वेळ बघत राहिली.

मग तिनं एक बोट खांद्यावर ठेवलं,
थरथरवत कोपरापर्यंत आणलं, मनगटापर्यंत,
तळहातावरून खाली सोडलं,
आणि मोकळा पंजा जमिनीवर शांत टेकवला,
रडून थांबलेल्या पोराच्या पाठीवर टेकवावा तसा.

मी तसंच करून दाखवलं.
तिनं माझं कोपर धरून दुरुस्त केलं.

शनिवारी तिनं आणखी अकरा जणांना बोलावलं,
अशोक चौकातून, नीलमनगरातून, एक जोडपं थेट बाळ्यातून.
गॅसची नळी, कुकरची उडणारी शिट्टी,
बेलच्या जागी बल्ब कसा जोडायचा,
सगळं तिनं सांगितलं.
मी फक्त टेस्टर धरून उभा.

ऑफिसच्या फॉर्मवर रकाना होता:
ध्वनिक्षेपकाचा वापर किती तास.
मी शून्य लिहिलं. साहेबांनी दोनदा विचारलं.

निघताना मी हात हलवला.
तिनं हलवला नाही,
माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडं बोट दाखवलं.
चालूच ठेवून निघालो होतो.