डव्ही जंक्शन

वुल्व्हरहॅम्प्टनला चढतानाच बघून ठेवलं होतं:
दुसऱ्या डब्यात, दाराशी, डावीकडे.
श्रूस्बरीनंतर कुणीतरी तिथं कागद चिकटवला,
बंद आहे, क्षमस्व.
क्षमस्व अगदी वळणदार अक्षरात.

लोक खिडकीतून मेंढरं बघतात.
मी स्टेशनं बघते, ती एवढ्याचसाठी.
इथं आहे. इथं नाही.
इथं आहे, पण किल्ली मागावी लागते,
आणि मागताना काउंटरवरच्या पोराकडे
बघून हसावं लागतं.

काल रात्री मऊ भात, नुसतं मीठ घालून.
सकाळी काही नाही. चहासुद्धा नाही.
पर्समध्ये गोळ्या, ओले रुमाल,
आणि पायाशी पिशवी, तिच्या तळाला
घडी घातलेली एक जास्तीची सलवार
जिच्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही.

शर्वाणी तीन वर्षं विचारतेय, ॲबरिस्टविथला कधी येशील?
मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात सुट्टी मिळत नाही.
म्हटलं गुडघा. म्हटलं वारं फार असतं तुझ्याकडे.
एकदा म्हटलं पाहुणे यायचेत,
आणि कोण, असं तिनं विचारल्यावर नाव सुचेना.
पोटची पोर,
तिला पोटाचंच तेवढं सांगितलं नाही.
आई म्हणायची, बाईनं पोटात ठेवावं.
ठेवलं.

डोंगर सुरू झाले तसा मुरडा आला.
मागच्या दोन डब्यांत एक चालू होतं.
धावले म्हणवत नाही, पण चाललेही नाही.
कडी लावली.
देवाचं नाव घ्यायची ती जागा नव्हे,
म्हणून एकोणतीसचा पाढा घेतला,
चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

ज्या स्टेशनाचं नाव मला अजून उच्चारता येत नाही
तिथं गाडीचे दोन भाग होतात.
हे दोन भाषांत तीन वेळा सांगितलं होतं म्हणे.
मी बाहेर आले तर पुढचे डबे निघून गेलेले,
माझी पिशवी घेऊन, सलवारीसकट.

नेरिस नावाची गार्ड म्हणाली, डव्ही जंक्शनला उतरा,
दुसरी गाडी दोन तासांनी आहे, पिशवीचं मी कळवते.
मी विचारलं, तिथं टॉयलेट?
ती म्हणाली, बाई, तिथं रस्तासुद्धा नाही.

खरंच नव्हता.
एक फलाट, एक बाक, चारी बाजूंनी दलदल,
कमरेएवढं गवत, आणि लांब कुठं तरी नदी
जिला जायची काही घाई नव्हती.
मी बाकाच्या कडेला बसले, पाय जुळवून.
पोट काय करतं त्याची वाट बघत.
दहा मिनिटं. चाळीस.
एक बगळा आला, कंटाळून गेला.
आणि पोट,
शाळेतली दांडगट मुलगी बघायला कुणी नसलं की
जशी भिंतीला टेकून गप्प बसते,
तसं.

मग फोन वाजला.
आई, पिशवी मिळाली. पण ही सलवार कशाला?
सांगायला गेले तर शब्दच मिळेनात,
औषधाच्या चिठ्ठीवरचे सगळे इंग्रजी.
शेवटी म्हटलं, मला सारखं परसाकडे लागतं गं.
परसाकडे म्हणजे काय?
मी समोर बघितलं. मैलच्या मैल परसच पसरलेलं.
सांगितलं. सगळं, मुरड्यापासून पाढ्यापर्यंत.
बराच वेळ नुसतं वारं ऐकू येत होतं,
तिच्याकडचं की माझ्याकडचं, कळेना.
मग म्हणाली, म्हणून आपण कधी तळ्यांकडे गेलो नाही?
म्हणून.
आणि माझ्या नाटकाला तू मागच्या रांगेत,
दाराजवळ?
हो.
मला वाटायचं तुला लवकर निघायचं असतं.

गाडी आली.
चढताना आधी डावीकडे बघितलं.
कागद नव्हता.
तरी दाराजवळच बसले.
पण या वेळी खिडकीकडे तोंड करून,
आणि बोर्थच्या अलीकडे मेंढरं दिसली,
बरीच होती.