बग क्रमांक ४१२

बर्गनच्या बंदरावर, मासे धुरावण्याच्या जुन्या कोठारात,
तिसऱ्या मजल्यावर मी वेग बनवायचो.
वेग म्हणजे फार काही नसतं.
आधीचं चित्र घ्यायचं, नंतरच्यात कालवायचं,
की खांबांना शेपूट फुटतं, दिवे ओघळतात,
बोगद्याच्या भिंती अशा, जशी ओल्या रंगावरून
कुणाची तरी बाही फिरली.
सेकंदाला तीसच चित्रं, ही आमची गरिबी
त्या फेसाखाली झाकून जायची.
लोक म्हणत, वा.
मीही म्हणायचो.

राग्नफ्रिद चाचणीला बसायची, खिडकीकडे पाठ करून.
वडील तिचे जहाजांना वाट दाखवणारे.
सात वर्षांची असताना, नोव्हेंबरातल्या उत्तर समुद्रात
तिनं वाटीभर सूप प्यायलं होतं, एक थेंब न सांडता.
नव्या माणसाला हे ती पहिल्याच दिवशी सांगे.

माझ्या बोगद्यात, दुसऱ्याच वळणावर
तिनं हेडफोन काढले,
वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली
आणि रंगाच्या रिकाम्या बादलीकडे चालत गेली.

अहवाल आला:
बग क्रमांक ४१२. जागा: पोट.
पुन्हा घडवण्याची कृती: कॅमेरा झर्रकन डावीकडे वळवा.
तीव्रता: दुपारचं जेवण.

मी हसलो. उत्तर लिहिलं:
हा बग नाही, हे सौंदर्य आहे.

मग तिच्या खणात आल्याची बिस्किटं दिसू लागली.
मग आवाजवाला एस्किल कॉफीच्या यंत्रापाशी
चोरून प्यायल्याची कबुली द्यावी तसा पुटपुटला,
मीही घरी नाही खेळत. नंतर तासभर भिंत धरून चालतो.
हिशेब बघणारी बाईसुद्धा.
तीन वर्षं सगळे वा म्हणत होते.

मी तिला विचारलं, समुद्र नाही लागत, मग हे कसं लागतं?
समुद्रात मी हलते, ती म्हणाली.
इथे डोळेच तेवढे जातात, मी खुर्चीतच.
कान सांगतो बसलीयस, डोळा सांगतो पळतेयस,
आणि दोघांच्या भांडणात
तिसऱ्याचा लाभ बिभ काही नाही, तिसरं माझं पोट आहे.
शिवाय समुद्राला क्षितिज असतं.
तू तेच पुसलंस.

त्या रात्री मी थांबलो.
मेनूत एक पट्टी टाकली, शंभरपासून शून्यापर्यंत.
पडद्याच्या मधोमध मोहरीएवढा पांढरा ठिपका,
काहीही फिरलं तरी न फिरणारा.
आणि पट्टी शून्यावर नेली.

खांबांवर गंज होता.
प्रत्येक खांबावर वेगळा.
एकावर आकडा, एकावर कावळ्याचं अर्धं घरटं,
काड्यांत अडकलेली निळी सुतळी.
ओइदिसनं दोन हिवाळे बसून रंगवलेलं हे सगळं
मी कधी पाहिलंच नव्हतं.
इतके दिवस कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकत होतो,
आणि त्यातली बरीचशी
वाऱ्यानं माझ्याकडेच आली होती.

सकाळी राग्नफ्रिद बोगद्यातून आरपार गेली.
अडखळतंय, म्हणाली.
हो, तीसच चित्रं आहेत.
चालेल, म्हणाली, आणि घरट्यापाशी थांबून
बराच वेळ सुतळीकडे बघत राहिली.

क्रमांक ४१२, स्थिती: बंद.
शेरा: बादली धुऊन परत केली आहे.

घरी मी अजून चाळीसवर खेळतो.