भिरूड

दाभोली नाक्यावरच्या रायवळ आंब्याला
लाल रंगात नंबर पडला होता : सात.
फाईल माझ्या काखेत, सही तेवढी बाकी.

बस्त्यांवने सायकल टेकवली, खोडाला कान लावला.
"अजून खाता हा. आयक."
मला आधी रिक्षाच ऐकू आली,
मग खरंच कुरकुर,
कुणी चोरून पापड चावावा तशी.

बुंध्याशी भुसा. चिमटीत घेऊन त्याने हुंगला :
ओला. म्हणजे आजचा.

सायकलचा जुना स्पोक, टोकाला आकडा.
भोकात घातला, फिरवला, थांबला
डोळे मिटून, गळ टाकून बसल्यासारखा.
ओढला तेव्हा करंगळीएवढी अळी,
लोण्यासारखी मऊ, जबडा तेवढा काळा.
एवढीशी ही,
आणि माझी फाईल सव्वीस पानांची.

मग औषधात भिजवलेला बोळा, वर चिखल,
होडीची सांध बुजवावी तसा अंगठ्याने दाबून.
"आठ दिसांनी परत येऊचा लागतला."

सही केली नाही.
शेरा मारला : पुन्हा पाहणे.

आता दर बुधवारी ऑफिसच्या आधी
मी बुंध्याशी वाकतो, भुसा चिमटीत घेतो.
ओला की कोरडा,
दव की भिरूड,
अजून नीट कळत नाही मला.