ओल्या बोटासाठी

तीन आठवडे मी एक निळा टिपका घडवत होते.
तो गोल असावा की थेंबासारखा,
सरकताना मागे शेपूट राहावी का,
यावर पुण्याच्या ऑफिसशी भांडले
दाभोळच्या भाड्याच्या खोलीतून,
जिथे रेंज फक्त खिडकीच्या तिसऱ्या गजाजवळ येते.

मग पहिली चाचणी. खाडीपलीकडे, धोपाव्यात.
शेवंती डोर्लेकर, वय एकाहत्तर, शाळा चौथीपर्यंत.
पार्सल: कानाचं मशीन,
बोटीवर असलेल्या मुलाने मागवलेलं.
ती ओट्यावर बांगडे साफ करत होती.
मी फोन समोर धरला.
तिने नकाशा बघितला, मग मला बघितलं.
"टिपका पान्यात बुडला का काय गो?"

खाडीच्या मधोमध उभा होता खरा.
इम्तियाज परकार मात्र पलीकडच्या जेटीवर
स्कूटरला टेकून कटिंग पीत होता,
दीडची फेरीबोट त्याच्या डोळ्यांदेखत सुटलेली.
पडद्यावर माझं आश्वासन: सात मिनिटांत पोहोचेल.

"हितं दाब, मावशी."
तिने बोट लुगड्याला पुसलं, दाबलं.
पुन्हा पुसलं, दाबलं.
काचेवर एक खवला चिकटून राहिला, चकचकीत,
माझ्या सगळ्या चिन्हांपेक्षा ठळक.
उन्हात फिकट करड्यावरची पांढरी अक्षरं
विरघळूनच गेली.
"तुज्या फोनात माजाच थोबाड दिसतंय."
वहीत लिहिलं: बटण मोठं.
खाली लिहिलं: अजून मोठं, बांगड्याएवढं.

हिरवं 'कॉल करा' माझं लाडकं.
अडलंच काही, तर माणूस माणसाशी बोलेल,
असं मी सादरीकरणात म्हणाले होते,
टाळ्याही पडल्या होत्या.
तिने फोन कानाला लावला,
बराच वेळ लावून ठेवला,
आणि माझ्याकडे बघून हसली.
"मशीन आल्याव बोलंन त्याच्याशी."

पत्त्याचा रकाना तर नकोच विचारू.
घर क्रमांक, गल्ली, दोन्हींवर लाल चांदणी.
तिचा पत्ता: विहिरीच्या खालती, जाळी वाळत घालतात तिथे.
अॅप म्हणालं, अवैध.

इम्तियाज साडेतीनला आला.
खिशातून घामाने फुगलेली डायरी काढली,
तीत प्रत्येक घराला एक ओळ.
खोतांचा कुत्रा भुंकतो, चावत नाही.
मास्तर दुपारी झोपतात, पार्सल खिडकीत.
शेवंतीमावशी: हाक मारू नये.
सरळ ओट्यावर जावं, समोर उभं राहावं.

मी ती डायरी दोनदा वाचली.
आठ महिन्यांत हा रकाना कुणालाच सुचला नव्हता.
म्हणून तो आला, पत्त्याच्या वरती,
चांदणीशिवाय: कसं यावं?

रात्री नकाशा काढून टाकला.
टिपक्यासाठी थोडं वाईट वाटलं, खोटं का बोलू.
गंधालीने ऑफिसातून विचारलं, स्क्रीन एवढी रिकामी का?
तिला नवा पडदा पाठवला, काळ्यावर पिवळी, जाड अक्षरं:
पार्सल पलीकडच्या जेटीवर आहे.
तीनच्या बोटीने येईल.
इम्तियाज आणतोय.
आणि आवाजाऐवजी थरथर,
कनवटीला लावलेल्या फोनची कमरेला कळेल अशी.

पण हे सगळं नंतरचं.
त्या दुपारी खोकं उघडलं,
शेजारच्या पोरीने मशीन कानात बसवलं,
चाकी फिरवली,
आणि नेमकी तेव्हाच
माझी ती सूचना वाजली, 'पार्सल पोहोचलं'ची,
सतरा नमुन्यांतून निवडलेली.
मावशीने तोंड कसनुसं केलं.
"ह्यो कसला आवाज? ताटलीत चमचा पडल्यासारका."
मग मान वळवली,
स्कूटर चढावर गुरगुरत निघाली होती.
"आणि ह्येची गाडी एवडी खोकते?
चार वर्सं येतोय, बोलला नाय कदी."

यादीत पहिलं काम: आवाज बदलणे.
नवे सहा ऐकवून आले काल.
एकही पसंत नाही.