मयताचा रकाना

सोमवारी तहसिलीत साहेब नसतात.
मंगळवारी असतात, पण कपाटाची किल्ली नसते.
बुधवारी मिळतं एकदाचं कोतवाल बुक, मौजे पारडी,
पानं अशी, की मी पंखा बंद करायला लावते
आणि गजभिये शिपाई म्हणतो, "बाई, मे महिना आहे."

डोमा वल्द कवडू. ताप.
झिंगरी जौजे डोमा. ताप.
सोनबा. साप.
त्या कोतवालाला दोनच मरणं ठाऊक असावीत,
तिसरं आलं की रकाना कोरा.

गुरुवारी गोळीबार चौकातल्या समाजभवनात बसते, फुकट.
पोरं येतात. पन्नासच्या आधीचा पुरावा हवा असतो,
फॉर्मची तारीख उद्याची.
आजोबाचं नाव विचारलं तर सांगतात.
आजीचं विचारलं की घरी फोन लावतात.
परवा प्रणाली हेडाऊच्या फोनमधून कुणी ओरडलं,
"आजीले आजीच म्हणत होतो ना बाप्पा!"

शुक्रवारी हे सगळं शाईनं उतरवते. झिंगरीला ठळक.

शनिवारी पहाटे सायकल,
फुटाळ्यापर्यंत, म्हणजे गुडघा म्हणेल तिथवर.
येताना तर्री-पोहे. डॉक्टरला सांगायचं नाही.

रविवारी कुणाचंच काही शोधत नाही.
गच्चीवर बाबांचा माउथऑर्गन.
तीन गाणी येतात, तिसरं अर्धं.
बाबा मिलच्या पाळीवरून येऊन एवढंच वाजवायचे,
इथंच थांबायचे.
कुणी शिकवलं, पुढे काय होतं,
मी विचारलं नाही. मी!

खालून ढोबळ्यांचा नातू ओरडतो,
"मावशी, पुढचं वाजवा ना."