सूट

उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेनं फिरवली.
धूर सरळ चढत होता, बिजागरीपाशी आला
आणि एकदम आत वळला, आमच्या अंथरुणाकडे.
कुंदा म्हणाली, दिसलं?
रोज रात्रपाळीला येतोय.
त्याला पगार चालू करा आता.

डिसेंबर. जवाहरनगरात आमच्या तीन खोल्या,
सागवानी खिडक्या पाच,
झोपायच्या खोलीतल्या दोन पन्हाळ्याकडं तोंड करून.
कुंदा मानेला मफलर गुंडाळून झोपते.
मफलर माझा.

ॲल्युमिनियमवाला प्रीतम चौगुले टेप ओढत आला,
पाच मिनिटांत पाची खिडक्या मोबाईलमध्ये घातल्या.
स्लायडिंग, रबर, जाळी, काळी काच.
बेचाळीस हजार, काका. दोन दिवसांत काम.
जुनं लाकूड आम्हीच नेतो.
हे शेवटचं त्यानं फुकटातली सोय म्हणून सांगितलं
आणि मी तिथंच अडकलो.

मग शिकलगार मिस्त्री. ऐंशीच्या घरातले, सायकलवर.
त्यांनी काही मोजलं नाही.
चौकटीला टिचकी मारली, कान लावला,
नखानं लांबी उकरली. भुगा.
"लाकूड गुणाचं हाय. खालची पट्टी तेवढी खाल्लीया."
मग फटीतून एकेक वस्तू काढून
माझ्या तळहातावर ठेवत गेले:
काडेपेटीचं बूड,
केएमटीची तिकिटं, चार घड्या घातलेली,
कुणाच्या तरी पत्रिकेचा कोपरा,
त्यावर "चि. सौ. कां." एवढंच उरलेलं.
सगळं मीच कोंबलेलं. एकोणीस वर्षं.

सांगायची लाज वाटते, पण मी पॅटर्नमेकर.
उद्यमनगरात तेहतीस वर्षं लाकडाचे नमुने केले.
ओतलेलं बीड निवताना आक्रसतं,
म्हणून नमुना जरासा मोठा ठेवायचा, शंभराला एक.
त्याला आम्ही सूट म्हणायचो.
सूट चुकली की अख्खा लॉट भंगारात.
दुसऱ्यांच्या पंपांना केसभर मापून सूट दिली,
घरच्या खिडकीला तिकिटं.

रात्री हिशेब. दुरुस्तीचे अकरा हजार,
आणि मिस्त्रींच्या वयाची हमी कोण देणार?
लाकूड श्वास घेतं वगैरे मी सांगायला लागलो.
कुंदा म्हणाली, त्याचं कौतुक नंतर.
मला मान आहे.

यावर काय बोलणार.
झोपायच्या खोलीतल्या दोन नव्या, प्रीतमकडून.
उरलेल्या तीन तुम्ही आणि तुमचे मिस्त्री
ठोकत बसा म्हणाली.

ठोकत बसलो. माळ्यावरून रंधा उतरवला,
पातं परजलं, हात थरथरला, पहिली पट्टी वाया गेली.
मिस्त्री चहा फुंकत म्हणाले, घाई करू नगा,
आणि पावसात फुगंल, जागा ठेवा.
मी ठेवलीच होती, पण गप्प राहिलो.
जुन्या दोन चौकटी प्रीतमला दिल्या नाहीत,
कॉटखाली सरकवल्यात.
कशाला, ते कुंदानं दोनदा विचारलंय.

काल पुन्हा उदबत्ती फिरवली.
नव्या खिडक्यांपाशी धूर छताला टेकेपर्यंत सरळ.
स्वयंपाकघरात, मी केलेल्या पट्टीपाशी,
किंचित वळला.
कुंदानं पाहिलं. काही बोलली नाही.

मफलर मात्र अजून परत दिलेला नाही.