बत्तीस जीबी

राजारामपुरी, आठवी गल्ली, जिन्याखालचं दुकान.
शटर अर्धं ओढलं होतं.
वाकून आत आले दस्तगीर मुजावर,
भुवयांत काळी वाळू,
रुमालाच्या चार घड्यांतून काढला त्यांनी पेनड्राइव्ह.
'ह्यातलं काय नको मला,' म्हणाले,
'फकस्त मोकळा करून दे.
नातवाला शाळंत चित्रं न्यायची हाईत.'

लोक सहसा उलटं सांगतात.
लग्नाचे फोटो, जीएसटीची फाइल, कसंही करून वाचव म्हणतात,
एकजण तर रडला होता.
पुसायला आलेला माणूस मला सोपा वाटला.

घातला. दिवा एकदाच लुकलुकला.
यादीत जी ड्राइव्ह उगवला, क्लिक केलं तर
'कृपया जी मध्ये डिस्क घाला.'
घातलीच आहे की रे बाबा.
पुढचा पोर्ट, मागचा पोर्ट,
मग शेजारच्या झेरॉक्सवाल्या सुनयनाचा लॅपटॉप
('मी चाललो घरी, लवकर आण,' ती म्हणाली).
सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या.
ज्यानं पोरं चुकलेली गणितं पुसतात
त्यानंच मी ह्याला काहीतरी आठवायला लावत होतो.

फॉर्मॅट म्हणालो : लिहिण्यास मनाई.
काळ्या खिडकीत हुकूम सोडला, साफ कर :
उपकरण तयार नाही.
आकार : शून्य बाइट.
उघडत नाही, म्हणून भरलेला म्हणावं
तर शून्य.
शून्य म्हणून रिकामा म्हणावा
तर रिकामा होत नाही.

मुजावरांनी चहा बशीत ओतला.
'काय होतं ह्यात, मामू?'
'मालकाची ड्रॉइंगं. कारखाना इकला त्येनी गेल्या दिवाळीत.
म्हणले, घे, उपयोगाला यील.'
फुंकर मारून एक घोट.
'वाळूचं बरं असतंय बघ.
माल निघाला की साचा फोडायचा, वाळू चाळायची,
बेंटोनाइट, काकवी, पाणी, परत मळायची.
सकाळी पंपाचा इंपेलर, दुपारी ब्रेकचा ड्रम,
सांजच्याला इचारशील तर तिला काय ठावं न्हाई.'
'आणि माल पोकळ निघाला तर?'
'फोडून परत भट्टीत. लोखंडाला राग नसतोय.
हे वितळत न्हाई व्हय?'
'वितळतं. पण परत होत नाही.'

पैसे घेतले नाहीत. सोळाचा एक नवा दिला, उधारीवर.
माझ्याकडं भडंगाच्या डब्यात असले मेलेले चाळीसेक आहेत,
म्हटलं, टाकू का त्यात?
'नको,' म्हणाले. 'बघतो.'
आणि पुन्हा रुमालाच्या चार घड्या.

आठवड्यानं आले ते उधारी घेऊन,
आणि काउंटरवर ठेवलं काहीतरी, ठक्कन.
तोच पेनड्राइव्ह. लोखंडाचा.
वाळूत त्याचा ठसा घेऊन
लॅडलमध्ये उरलेला रस ओतलेला.
बत्तीस हा आकडा पुसट, पण बोटाला लागणारा,
किल्ली अडकवायचं भोक बुजलेलं,
तोंडही बंद.

पट्टी लावली : मुळापेक्षा केसभर आखूड.
'थंड हुताना आकसतंय ते, शंभराला एक.
तेवढा नमुना मोठा धरायचा असतोय. ह्येचा कुठनं धरणार?'
मी म्हणालो, तसाही बत्तीसचा कधी बत्तीस भरत नाही,
उघडल्यावर एकोणतीसच दाखवतो.
'मग बरोबर हाय,' म्हणाले.
मूळचा कुठं गेला, मी विचारलं नाही.

आता तो बिलांच्या गठ्ठ्यावर असतो.
हवा दमट झाली की तांबूस धरतो,
रॉकेलच्या बोळ्यानं पुसला की पुसला जातो.
गिऱ्हाईक सहज उचलतं, वजनानं दचकतं,
किती जीबीचा म्हणून विचारतं.
भरीव आहे, म्हणतो मी,
आणि त्यांचा घेऊन
पुढच्या पोर्टला लावतो.